दोघांचा गठ्ठा : नामवंत कलावंतांच्या मुला-नातवंडांना खुलं पत्र

पुणे

नाटक, सिनेमा, गाणं, तमाशा, कथाकथन यांत ज्यांनी नाव कमावलं, त्यांच्या घरातल्या मुलांनो, लेकी-सुनांनो, नातवंडांनो,

सप्रेम नमस्कार.

गेल्या काही वर्षांत प्रभात रस्ता, भांडारकर रस्ता, एरंडवणे या भागातल्या जुन्या सोसायट्या एकामागून एक रीडेव्हलपमेंटला जात आहेत. बिल्डर भाड्याचे चेक देतो, चाव्या द्यायची तारीख ठरते आणि घरात एकदम आवराआवर सुरू होते. चाळीस वर्षं कुणी हात न लावलेली ट्रंक माळ्यावरून खाली येते. तिच्यात आजोबांनी दौऱ्यावरून आजीला लिहिलेली पत्रं निघतात. परदेशातला मुलगा फोनवर सांगतो, ‘चांगली असतील त्यांचे फोटो काढून ठेव, बाकीचं बघ काय करायचं ते.’ या ‘बघ काय करायचं ते’मध्ये काय काय होतं ते मी जवळून पाहिलं आहे. म्हणून तुम्हाला लिहिते आहे.

जुन्या कागदांची डागडुजी हे माझं आयुष्यभराचं काम. फाटलेल्या कडा जोडणं, कसर लागलेली पानं साफ करणं, घड्यांवर मोडलेल्या पत्रांना पातळ जपानी कागदाचा आधार देणं. मोठ्या माणसांचे कागद खूप हाताळले. पण आज सांगते आहे ते त्या कामातून आलेलं नाही, माझ्या आत्याच्या घरातून आलेलं आहे.

माझे आतोबा नट होते. तुमच्यापैकी अनेकांच्या आजी-आजोबांनी त्यांच्या नाटकांना रांग लावून तिकिटं काढली असतील. नाव सांगत नाही, कारण आत्यानं सांगू नको म्हटलं होतं आणि ती गेली म्हणून तिचा शब्द संपला असं मी मानत नाही. वर्षातले सात-आठ महिने ते दौऱ्यावर असायचे. मिरज, सांगली, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, मग वऱ्हाड. आत्या नारायण पेठेत दोन खोल्यांत मुलांना घेऊन राहायची. त्या सगळ्या वर्षांत त्यांचा संसार पोस्टमननं पोचवला.

पोस्टकार्ड वाड्यातले सगळे वाचायचे, म्हणून पोस्टकार्डावर फक्त तारखा आणि तब्येती. मनातलं असेल ते पाकिटात. आणि तिसरा प्रकार मनीऑर्डरच्या कुपनाचा. ज्यांनी मनीऑर्डर पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते : पैसे देताना पोस्टमन फॉर्मच्या खालचा एक तुकडा फाडून घेणाऱ्याच्या हातात द्यायचा. त्यावर पाठवणाऱ्याला दोन-चार ओळी लिहिण्यापुरती जागा असायची. आत्याजवळ अशा कुपनांची जाड चवड होती, लोकरीच्या धाग्यानं बांधलेली. ‘तीन नाईट रद्द झाल्या, एवढेच पाठवतो.’ ‘बाळ्याचा खोकला कळव.’ ‘यात तुझ्या लुगड्याचे धरले आहेत, घरात खर्च करू नकोस.’ त्या काळातल्या नटाची मिळकत, पावसाळ्यातले उपासमारीचे महिने, कंत्राटदारानं बुडवलेले पैसे हे सगळं त्या तुकड्यांवरून महिन्यागणिक मांडता येईल. नाट्यसंमेलनाच्या कुठल्या भाषणातून ते निघणार नाही.

पत्रांचे मायने बघा म्हणजे कळेल. सुरुवातीला ‘सौ. हिस अनेक आशीर्वाद’. चार वर्षांनी एक दिवस ‘प्रिय’. मग कितीतरी वर्षं ‘प्रिय’च. आणि मध्येच एका उन्हाळ्यात तीन पत्रं पुन्हा ‘सौ. हिस अनेक आशीर्वाद’. काहीतरी बिनसलं होतं. त्यानंतरच्या पत्रात एक ओळ आहे, ती मी इथे देते कारण ती आता तशीही लोकांसमोर आहे : ‘तू लिहिलेस ते वाचले. दोन दिवस जेवलो नाही. पुन्हा असे होणार नाही.’

काय लिहिलं होतं तिनं?

ते आज कुणालाच सांगता येणार नाही. आतोबांनी तिची उत्तरं फेकली नव्हती. मेकअपच्या पेटीत, खालच्या कप्प्यात, पावडरच्या वासात त्यांनी ती वर्षानुवर्षं सांभाळली होती. हे मी स्वतः पाहिलं आहे. आत्या गेल्यावर एका स्मारक समितीची मंडळी घरी आली. माणसं वाईट नव्हती. आतोबांवर त्यांचं खरंच प्रेम होतं. त्यांनी शेला नेला, पानाचा डबा नेला, पेटी नेली, आतोबांच्या हातची सगळी पत्रं नेली. पेटीच्या तळाचे कागद ‘घरगुती आहेत’ म्हणून बाजूला काढले गेले. त्यावर भाजीचे हिशेब होते, मुलांच्या फिया होत्या, हे खरं आहे. घर आवरणाऱ्यांनी ते वर्तमानपत्रांबरोबर रद्दीत दिले. मी परगावी होते. परत आले तेव्हा आठ दिवस उलटले होते. रद्दीवाल्याकडे गेले, जुन्या बाजारात एक रविवार आणि एक बुधवार फिरले. काही मिळालं नाही.

आज आतोबांचं ते पत्र काचेखाली आहे आणि खाली पाटी आहे : ‘पत्नीवरील उत्कट प्रेमाची साक्ष.’ मला ती पाटी वाचवत नाही. माफी मागणाऱ्या माणसाचं पत्र आहे ते. प्रेमही असेल त्यात, होतंच. पण ज्या पत्रानं एका लोकप्रिय नटाला दोन दिवस जेवू दिलं नाही ते रद्दीत गेलं आणि माफीनामा तेवढा संग्रहालयात गेला, म्हणून तो आता प्रेमपत्र झाला आहे.

तुम्हाला माझं एकच मागणं आहे. नवरा-बायकोचा पत्रव्यवहार हा एक गठ्ठा असतो, तो फोडू नका. त्यातला प्रसिद्ध माणूस कोण होता हे विसरून दोन्ही बाजू एकत्र ठेवा.

आपल्याकडे हे किती वेळा घडलं आहे पाहा. बालगंधर्वांची ती गोष्ट सगळ्या महाराष्ट्राला पाठ आहे. १२ मार्च १९११, ‘मानापमान’चा पहिला प्रयोग, त्याच दिवशी तान्ही मुलगी गेली, आणि तरीही नारायणराव, म्हणजे बालगंधर्व, नायिका भामिनी होऊन उभे राहिले. शंभरहून अधिक वर्षं आपण ही गोष्ट निष्ठेचं उदाहरण म्हणून सांगतो. ज्या आईची ती मुलगी होती, त्या लक्ष्मीबाईंना गोष्टीत एक वाक्यसुद्धा मिळत नाही. पुढे गायिका गोहरबाई बालगंधर्वांच्या आयुष्यात आल्या, आणि त्यांच्याविषयी तर माणसं आजही कट्ट्यावर निकाल देतात. या दोन्ही बायकांच्या शब्दांत ते घर कसं होतं? बालगंधर्व १५ जुलै १९६७ ला पुण्यात गेले, वर्षभरात त्यांच्या नावाचं रंगमंदिर नदीकाठी खुलं झालं. वास्तू आपण उभ्या करतो. गठ्ठे मात्र आपण जपत नाही.

उलट उदाहरणही याच गावात आहे. पु. ल. आणि सुनीताबाईंचं लग्न १२ जून १९४६ ला रत्नागिरीत नोंदणी पद्धतीनं झालं आणि बरोबर चौपन्न वर्षांनी, १२ जून २००० ला, पुलं पुण्यात गेले. सुनीताबाईंनी आपली बाजू कुणाच्या हाती सोडली नाही. १९९० साली, पुलं हयात असताना, ‘आहे मनोहर तरी’ लिहून त्यांनी नवरा म्हणून पुलं कसे आहेत ते सांगितलं. काही वाचकांना ते लागलं, आपल्या लाडक्या माणसाबद्दल असं कसं लिहिलं म्हणून. माझ्या मते त्या पुस्तकानं पुलं लहान झाले नाहीत, घरातले झाले. पण सुनीताबाई लिहिणाऱ्या होत्या. माझी आत्या चौथी शिकलेली. तिनं आयुष्यात जे काही लिहिलं ते त्या उत्तरांत.

दोन्ही बाजू एकत्र छापल्या गेल्या तर काय होतं हे पाहायचं असेल तर कवी अनिल आणि कुसुमावती यांचा पत्रव्यवहार वाचा, ‘कुसुमानिल’. लग्नाआधीच्या वर्षांतली दोन तरुण माणसं, विचारणारं पत्र आणि त्याचं उत्तर शेजारी शेजारी. एकट्या अनिलांची पत्रं छापली असती तर आपल्याला एका कवीचं तारुण्य कळलं असतं. दोघांची आहेत म्हणून एक लग्न कसं घडत गेलं ते कळतं.

आता तुमच्या मनातलं. ‘हे आमचं खासगी आहे, आई-वडिलांची भांडणं लोकांनी का वाचावीत?’ अगदी बरोबर. मी लोकांना वाचायला द्या म्हणतच नाही. जपणं आणि दाखवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपण त्यांची गल्लत करतो म्हणूनच घरची माणसं घाबरून जाळून टाकतात. कागद संस्थेकडे देताना देणगीपत्रात लिहिता येतं की अमुक सालापर्यंत हे पाकीट उघडायचं नाही, किंवा कुटुंबाच्या लेखी परवानगीशिवाय कुणाला दाखवायचं नाही. जगभरच्या दप्तरखान्यांत अशी तारीख घातलेली खोकी असतात. ज्यांची नावं पत्रांत आहेत ती माणसं तोवर राहिलेली नसतात, कुणाला लागत नाही, आणि कागद शाबूत राहतो.

एलिझाबेथ टेलर आणि रिचर्ड बर्टन या हॉलिवूडच्या नटी-नटाचं उदाहरण मला फार शिकवून गेलं. दोघांनी एकमेकांशी दोनदा लग्न केलं, १९६४ मध्ये आणि १९७५ मध्ये, आणि दोन्ही मोडली. ५ ऑगस्ट १९८४ ला बर्टन स्वित्झर्लंडमध्ये वारले. त्यांनी शेवटच्या दिवसांत लिहिलेलं पत्र टेलरबाईंच्या हाती पडलं तेव्हा ते जगात नव्हते. पुढे त्यांनी बर्टनची बरीच पत्रं चरित्रकारांना वाचायला आणि छापायला दिली, हे एक मात्र दिलं नाही. त्या २०११ मध्ये गेल्या आणि त्याच डिसेंबरात न्यूयॉर्कला त्यांच्या दागिन्यांचा लिलाव झाला. बर्टननी १९६९ मध्ये ३७ हजार डॉलरला घेतलेला ‘ला पेरेग्रिना’ मोती ज्या हारात होता, तो १ कोटी १८ लाख डॉलरच्या वर गेला. दागिने विकता येतात, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. नथ विका, शालू विका, घड्याळ विका, घरात गरज असते. कोणतं पत्र द्यायचं आणि कोणतं नाही हे मात्र ज्या बाईला ते आलं तिनं ठरवलं. आपल्याकडे ते समितीचे चिटणीस ठरवतात.

विकण्याचा विषय निघालाच आहे. सहीचं जुनं पत्र आता चांगल्या किमतीला जातं, मध्यस्थ घरी येऊन रोख देतात. त्यांना गठ्ठा नको असतो. सह्या जमवणाऱ्याला सहीचं पान हवं, तिकिटं जमवणाऱ्याला पाकीट हवं, नाटक-सिनेमाच्या वस्तू जमवणाऱ्याला मागच्या बाजूला नाटकाची जाहिरात असलेला कागद हवा. एका पत्राचे तीन तुकडे तीन शहरांत जातात. बायकोच्या सहीला भाव नसतो, म्हणून तिची पत्रं तशीच मागे राहतात आणि शेवटी रद्दीच्या तागडीत पडतात. व्यवहार करण्याआधी दोन कायदे माहीत असू द्या. पत्राचा कागद ज्याला ते आलं त्याचा, पण त्यातले शब्द ज्यानं लिहिले त्याचे किंवा त्याच्या वारसांचे. कागद विकत घेतला म्हणून कुणाला मजकूर छापण्याचा हक्क मिळत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात हा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो, आणि जो मजकूर त्याच्या हयातीत छापलाच गेला नाही त्याची ६० वर्षं तो पहिल्यांदा छापला गेल्यापासून मोजतात. दुसरं, १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोलाचं हस्तलिखित ७५ वर्षांचं झालं की ते पुरावस्तूत येतं आणि परवान्याशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. १९४०-४५ च्या सुमारास संसार मांडलेल्या जोडप्यांची पत्रं आता त्या वयाची झाली आहेत. परदेशी नातवानं बॅगेत घालून नेण्याआधी एवढं विचारून घ्यावं.

आणि ट्रंक उघडल्यावर पहिल्या तासात जे नुकसान होतं ते टाळा, कळकळीनं सांगते. पत्रं लगेच तारखेप्रमाणे लावायला घेऊ नका. ज्या क्रमानं बांधली आहेत तो क्रम कुणीतरी लावलेला आहे. आत्यानं ती तीन पत्रं वेगळ्या धाग्यानं बांधली होती, आणि त्या धाग्यावरूनच मला कळलं की ती एकत्र वाचायची आहेत. आधी गठ्ठ्याचा जसा आहे तसा फोटो काढा. टाचण्या आणि रबरबँड काढा, टाचणी गंजून कागद खाते आणि रबर वितळून चिकटतं. पाकिटं फेकू नका. पत्रावर साल नसतं पण पोस्टाच्या शिक्क्यावर असतं, आणि नट त्या रात्री कोणत्या गावी होता ते शिक्काच सांगतो. फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावू नका. दहा वर्षांत ती तपकिरी होऊन अक्षरं घेऊन जाते, आणि ती काढण्यात माझ्या आयुष्याची किती वर्षं गेली ते मलाच ठाऊक. लॅमिनेशन तर कधीही नको, त्यातून कागद परत निघत नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पावसाळ्यात कपाटात कोंडू नका, बुरशी धरेल. साध्या सुती कापडात गुंडाळून, भिंतीपासून दूर, कोरड्या जागी ठेवलं तरी पुष्कळ झालं. वाळलेला गजरा, बसचं तिकीट, केसाची पिन असं काही पत्राच्या घडीत सापडलं तर ते कोणत्या पत्रात होतं ते लिहून ठेवा. वेगळं काढलं की तो कचरा होतो.

शाईचं सांगायचं राहिलं. त्या काळातली फाउंटन पेनची निळी शाई पाण्यात विरघळते. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं तेव्हा नारायण पेठेत पाणी शिरलं. आत्यानं मुलांना वरच्या मजल्यावर पोचवलं आणि पुन्हा खाली आली ती ट्रंकेसाठी. ट्रंक जड, तिला एकटीला उचलेना. वरची पत्रं हाती आली तेवढी घेतली, खालची भिजली. पुढे आठवडाभर सदाशिव पेठेतल्या नातेवाइकांच्या गॅलरीत दोरीवर पत्रं वाळत होती. मी तेव्हा सहा वर्षांची होते. निळे झालेले कोरे कागद मला सुंदर वाटले होते, आणि मी तसं बोलले. आत्या काही बोलली नाही. तिनं ते कोरे कागदही घडी करून पुन्हा गठ्ठ्यात ठेवले, ज्या जागी होते त्याच जागी. आज ते समितीकडेही नाहीत, कारण त्यांवर सही उरलेली नव्हती. ते माझ्याकडे आहेत.

या गावात कागद जपायची परंपरा नाही असं कोण म्हणेल? भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून मोडी कागद सांभाळतं आहे. पेशवे दप्तरातल्या निवडक कागदांचे ४५ खंड रियासतकार सरदेसायांनी काढले, आणि आज त्या काळाच्या अभ्यासकाला लढाईच्या पत्राइतकाच कोठीच्या खर्चाचा कागद मोलाचा वाटतो. राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्ते, दिवे, फण्या, करंडे आपण तासन्‌तास पाहतो. ते संग्रहालय तर अकाली गेलेल्या एका मुलाच्या नावानं उभं आहे, घरच्या दुःखातून. लॉ कॉलेज रस्त्यावर १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. पी. के. नायरांनी तिथं फिल्मांबरोबर पोस्टरं आणि गाण्यांच्या पुस्तिकाही गोळा केल्या, ज्या लोक खेळ संपल्यावर खुर्चीत टाकून जायचे. पेशव्यांच्या कोठीतली भाजी इतिहास असेल तर नटाच्या बायकोनं पत्रात लिहिलेली भाजी का नाही?

म्हणून स्मारक समित्यांच्या विश्वस्तांनाही याच पत्रात विनंती आहे. घरी जाल तेव्हा ‘त्यांचं काय काय आहे?’ असं विचारू नका, ‘दोघांचं काय काय आहे?’ असं विचारा. ‘घरगुती’ म्हणून काही बाजूला काढलंत तर ते टाकण्याआधी घरातल्या सगळ्यात वयस्कर बाईला दाखवा. आणि मृत व्यक्तीनं स्वतः जाळायला सांगितलं असेल तर तो शब्द पाळा, माझा त्याला विरोध नाही. जाळण्याचा अधिकार लिहिणाऱ्याचा आहे. लाज वाटते म्हणून मुलांनी, किंवा जागा नाही म्हणून सुनेनं जाळणं वेगळं.

तुमच्यापैकी ज्यांचे आई-वडील अजून आहेत, त्यांनी आज संध्याकाळी विचारा. ट्रंक समोर ठेवून विचारा, कोणतं ठेवायचं, कोणतं नाही, आणि किती वर्षांनी उघडायचं. ते सांगतील. आत्यालाही कुणीतरी विचारायला हवं होतं. मी भाची, कागदांचंच काम करणारी, तिच्याकडे दर आठवड्याला जाऊन चहा पिणारी, मी विचारलं नाही.

तिच्या हातचा एक कागद मात्र सापडला. ती उत्तराचा कच्चा खर्डा आधी नाटकाच्या जाहिरातीच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहायची, मग चांगल्या कागदावर उतरवायची. असा एक खर्डा तिच्या पाककृतींच्या वहीत राहिला होता. त्यावर तारीख नाही, मायना नाही. त्या उन्हाळ्यातला आहे की नाही ते जाहिरातीवरच्या प्रयोगांच्या तारखांवरून मी ताडून पाहिलं आहे. मी तो वाचला, एकदाच. त्याच्या कडा जोडल्या, सुती कापडात ठेवला, वर २०४५ साल घातलं, एका संस्थेला दिला आणि देणगीपत्रात अट घातली की तो आतोबांच्या पत्रांपासून वेगळा काढायचा नाही.

समितीनं ती पत्रं त्याच संस्थेच्या हवाली करावीत म्हणून मी अर्ज केला आहे. त्यात आणखी एक मागणी आहे. तोवर काचेखालच्या त्या पत्राची पाटी बदला. एवढंच लिहा : ‘हे एका पत्राचं उत्तर आहे. ते पत्र आमच्याकडे नाही.’

आपली,
एका नटाच्या बायकोची भाची